हलकं काम

डब्याचं झाकण उघडलं आणि करिष्मा मटकन शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच बसली. डब्यात भात नव्हता, भाजी नव्हती. अकराच्या अकरा घड्याळं होती, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेली.

"अवो बाई, हे इथी काऊन?" तिने विचारलं.

"मंग?" गुणाबाई बांधीतूनच, धानाच्या खाचरातूनच म्हणाली. नडगीभर चिखलात ती वाकून उभी होती, हातात धानाचे पऱ्हे, लावायची कोवळी रोपं. "चिखलात खराब नाई होईन? परक्याची वस्तू हाये. रोज इथी आलो का काढतो, घरी जातानी बांधतो. तूच तर सांगतलं ना, जपजा म्हणून!"

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. कसं जपलं आम्ही, ही ऐट एकेकीच्या तोंडावर मावत नव्हती.

हसावं की रडावं, करिष्माला कळेना. वेळ न दाखवणारी ती घड्याळं नागपूरच्या एका अभ्यासाची होती. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बाई किती राबते, त्यातही पोटुशी बाई किती राबते, ते मोजायचं होतं. अंग हललं की घड्याळ टिपून ठेवणार. त्यासाठी करिष्मा चामोर्शीहून येऊन सावली तालुक्यातल्या या गावात दहा दिवस मुक्काम ठोकून होती. आणि आज सकाळीच अभ्यासाच्या सरांचा नागपूरहून फोन आला होता, "अहो, तुमच्या बायका तर नऊ ते पाच नुसत्या बसलेल्या दिसतात. अहवालात असंच लिहायचं का?"

बसलेल्या! ज्या वेळेला यांचं कंबरडं मोडतं, नेमका त्याच वेळेला कागदावर यांचा आराम चालला होता. तो कागद एकदा वर गेला की मग यांच्या कंबरेला कोण विचारतंय? आणि चूक तरी कोणाची? महागाचं आहे, जपा, हे तिने दहादा सांगितलं. पाण्यात चालतं, हे एकदाही नाही. गावातली रोवणी आज संपणार होती. ही शेवटची बांधी.

करिष्मा उठली. सलवार गुडघ्यावर खोचली, एक घड्याळ मनगटावर बांधलं आणि सरळ बांधीत उतरून कोपरापर्यंत हात चिखलात घातला.

"अगं माय! गेलं थे!" आशाबाई ओरडली.

करिष्माने हात वर काढून ओढणीला पुसला. घड्याळातला हिरवा ठिपका मजेत लुकलुकत होता.

"काई नाई होत याले. डब्यात ठेवता म्हणून हे मशीन तुमाले दिवसभर बसलेल्या दाखवते. बांधा आता. आन संध्याकाळपर्यंत काढाचं नाई. मले आजचा पुरा दिवस पायजे."

बायका हसत हसत धुऱ्यावर आल्या. सगळ्यात शेवटी आली गुणाबाईची सून चंचल, दोन्ही हातांत पऱ्ह्यांच्या पेंड्या घेऊन. तिला सातवा महिना होता.

"हिले मी वाकू नाई देत," गुणाबाई म्हणाली. "पोट दबते. हिच्याकडं हलकं काम. नुसत्या पेंड्या आणून द्याच्या."

दुपारी बायका शिदोऱ्या सोडून बसल्या तेव्हा करिष्माने एकेक घड्याळ मोबाइलला जोडलं. पडद्यावर रेघा उमटल्या. बायका भात तसाच सोडून भोवती गोळा झाल्या.

"रेघ वर गेली म्हणजे काम, खाली आली म्हणजे आराम," करिष्मा म्हणाली. "हे तुमची, गुणाबाई."

"बापा! मी एवढी?" गुणाबाई खुलली. "आमच्या बुढ्याले दाखव हे. थो म्हणते रोवणी म्हणजे बायकाईच्या गप्पा." सगळ्या खिदळल्या. गुणाबाईचं चिखलाचं बोट पडद्यावर सरकलं. "आन हे कोणाची? सगळ्याईच्या वरची?"

"चंचलची."

"चुकली असन तुही मशीन. तिले तर मी हलकं काम..."

ती मध्येच थांबली. चहाच्या वेळी सगळ्यांच्या रेघा खाली आल्या होत्या, एक सोडून. त्या चहा पीत होत्या तेव्हा पुढच्या पेंड्या आणायला कोणीतरी गेलंच होतं ना! आणि पऱ्हे होते पार नाल्याच्या पलीकडे. सकाळपासून एक खेप झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी.

गुणाबाईने सुनेकडे पाहिलं. चंचलचे पाय चांगलेच सुजले होते. सकाळीही सुजलेलेच असणार, पण सकाळी कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

"का गं, सांगतलं काऊन नाई?"

"तुमीच तर हलकं काम देलं होतं, आई," चंचल हळूच म्हणाली. "हलकं काम जड लागून राह्यलं, असं कसं सांगू?"

जेवणं उरकली. चंचल हातावर जोर देऊन उठायला लागली, तशी गुणाबाईने तिचा खांदा खाली दाबला.

"बैस तू. झाडाखाली सरक आन पाय लांब कर."

करिष्माच्या अगदी ओठावर आलं होतं, की बाई, आजचा दिवस राहू द्या. अख्ख्या गावात रोवणीला येणारी पोटुशी बाई ही एकच, आणि अर्ध्या दिवसाचा आकडा सर धरणार नाहीत. तिने चंचलच्या पायांकडे पाहिलं आणि बोलणं गिळून टाकलं. जीव मात्र तिचा चुटपुटला.

ते चंचलच्या ध्यानात आलं. "पण आई," ती म्हणाली, "ताईची मशीन तर मी बसली म्हणूनच दाखवन ना."

गुणाबाईने पदर खोचला आणि पेंड्या आणायला नाल्याची वाट धरली.

"दाखवू दे," ती म्हणाली. "आज थे खरं हाये."