पापणीच्या मुळाशी

"हनुवटी इथे टेकवा. पापणी मिटू नका."

थोरलीने हनुवटी यंत्रावर टेकवली. दोन महिन्यांतला हा तिसरा दवाखाना. पहिला डॉक्टर म्हणाला ॲलर्जी, दुसरा म्हणाला पापण्यांत कोंडा झालाय. थेंब घालून घालून डोळे लालबुंद झाले, पण खाज काही हटेना. शर्टांच्या कारखान्यात ती तपासणीला होती. एक उसवलेला टाका तिच्या नजरेतून सुटत नसे. आता मुकादम रोज विचारायचा, "बाई, डोळे घरी ठेवून येता का?"

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग चिमट्याने पापणीच्या मुळाशी काहीतरी धरलं, काचेवर ठेवलं आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"बघा."

राखाडी, चपटा, खेकड्यासारखा जीव. पाय हलत होते.

"ऊ?" थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पण माझं डोकं स्वच्छ आहे हो!"

"डोक्यातली नाही ही. हिची जात वेगळी. जांघेतल्या केसांत राहते, तिथून वर येते." डॉक्टरीणबाईंनी आवाज खाली आणला. "घरात आणखी कुणाला खाज आहे?"

"यांना आहे. ते घामोळं म्हणतात. आणि माझ्या धाकट्या बहिणीचे डोळे खाजतात. दोन गल्ल्या सोडून एकटी राहते. माझंच लागलं असणार तिला."

"तुमचा टॉवेल वापरते?"

"नाही."

"एका अंथरुणात झोपता?"

"छे! ती तिच्या घरी, मी माझ्या..."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या, पण त्यांनी मान वर केली नाही.

धाकटीला नवऱ्याने टाकलं, तेव्हा ती खोली थोरलीनेच शोधून दिली होती. कामावरून यायला उशीर झाला की धाकटीचा डबा देऊन ती आपल्या नवऱ्यालाच तिकडे पिटाळायची. आधी तो कुरकुरायचा. हल्ली कुरकुरत नव्हता.

दवाखान्यातून ती कामावर गेली नाही. औषधाच्या दुकानातून मलम आणि चिमटा घेतला आणि सरळ धाकटीचं दार वाजवलं. तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं. काय झालंय ते दोन शब्दांत सांगितलं, कसं होतं ते सांगितलं नाही.

"दुखेल का गं, ताई?"

"डोळे मीट."

एक निघाली. दुसरी निघाली. थोरली एकेक ऊ कागदावर ठेवत गेली.

"नुसतं पापण्यांचं करून भागायचं नाही," ती म्हणाली. "अंगालाही औषध लावायचंय. सगळ्यांनी."

धाकटीचे डोळे मिटलेलेच होते.

"त्यांनी लावलं?"

आजवर ती थोरलीच्या नवऱ्याला दाजी म्हणायची.

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. थोरलीने त्या हाका थांबेपर्यंत वाट पाहिली. मग दोन बोटांनी धाकटीची पापणी ताणून धरली.

"हलू नकोस," ती म्हणाली. "चिमट्याचं टोक अगदी बुबुळापाशी आहे."