विलायती तंबोरा

गोऱ्या साहेबानं गिटार हातात घेतली, पालथी केली, पुन्हा सुलटी केली आणि जो हसत सुटला तो थांबेचना.

"इसका छेद कहाँ गया?"

नत्थुजीला वाटलं, साहेब खूश झाला. तो पुढं सरसावला. "बुजवला ना साहेब! पोटाले हे एवढं भगदाड होतं. उंदरानं कुरतडलं असन. असा बुजवला का नख फिरवा, सांधा लागत नाही."

आता तर कापसाची अख्खी वखार हसली. साहेबाचा मुनीम भगवंतराव डोळे पुसत म्हणाला, "अरे बावळटा, ते भोक मुद्दामच ठेवलेलं असते! आवाज तिथूनच निघते. तू तं तिचं तोंडच शिवून टाकलं!"

नत्थुजीचा चेहरा खर्रकन उतरला. अमरावतीत तंबोरे दुरुस्त करणारा माणूस तो, गिटार त्यानं जन्मात पाहिली नव्हती. विलायतेला परत गेलेल्या कुण्या गोऱ्याच्या भंगारात ही मोडकी सापडली. महिनाभर तो तिच्यावर खपला. आतड्याच्या तारा फेकून पितळी-पोलादी चढवल्या, तारेखालची घोडी कानशीनं घासून घासून, तार गुणगुणत राहावी म्हणून, तंबोऱ्यासारखी जवारी काढली. काय करणार? कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून जो तो मिरजेहून नवाकोरा तंबोरा मागवत होता, जुनं कोण दुरुस्त करून घेतो? ही विकली नाही तर कानस ठेवून कापसाच्या गाठी उचलायच्या, असं बायकोशी, सत्यभामेशी बोलूनच तो तीन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करत अकोल्याला आला होता.

"ले जाओ," साहेब म्हणाला. "चूल्हे में डालो."

नत्थुजीनं गिटार उचलली. लाज वाटली, रडू आलं, आणि स्वतःचाच भयंकर राग आला. तो दाराकडं वळला.

वखारीच्या त्या टोकाला वेगळाच घोळ चालला होता. खरेदीच्या मुहूर्ताला खुशालराव पाटलांनी माणिकबाईंना गायला आणलं होतं, आणि बाईंच्या नव्या तंबोऱ्याचा भोपळा वाटेत गाठीखाली येऊन फुटला होता. पाटील हातापाया पडत होते, बाई तंबोऱ्याशिवाय गायला तयार नव्हत्या.

"ओ दादा!" माणिकबाईंनी हाक मारली. "काय आहे ते? लोक कावून हसून राहिले?"

"विलायती तंबोरा आहे बाई. म्या बिघडवला."

"आना इकडं. बिघडवला का सुधरवला, मी पायते."

त्यांनी गिटार उभी मांडीवर घेतली, खुंट्या पिळल्या, दोन तारा उतरवल्या, दोन चढवल्या. मग तारांवरून एकदाच बोटं फिरवली.

आवाज निघाला आणि विझेचना. गुणगुणत राहिला, एकावर एक चढत राहिला, कापसाच्या ढिगांवरून पार दारापर्यंत गेला. हमालांनी खांद्यावरच्या गाठी खाली टेकवल्या. माणिकबाईंनी डोळे मिटले.

"काय जवारी काढली रे बाप्पा!" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी षड्ज लावला.

बाई गात होत्या तोवर नत्थुजी भिंतीला टेकून उभा होता. हसणारे एकेक करून खाली बसले. भगवंतराव मान डोलावत होता. गाणं संपलं.

साहेब उठून आला. आता तो हसत नव्हता. "हम लेगा. जो बोलेगा, वो देगा."

माणिकबाईंनी गिटार छातीशी धरली. "माह्या हातातून कोन घेते, पायतेच मी!"

नत्थुजीनं त्यांच्याकडं बघितलं, मग साहेबाकडं. महिन्याभरात पहिल्यांदा त्याची छाती पुरती फुगली.

"हे तं गेलं साहेब," तो म्हणाला. "पन तुमच्या बंगल्यावर भोकाचं एखादं असन, तं घेऊन या. बुजवून देतो."