हिरवं कार्ड

भडकासुर रडायला लागला आणि मुलं हसली.

स्वानंदने डोळे मिटून घेतले. जुईनगरच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर वीस मुलं बसली होती, मागे खुर्च्यांवर त्यांच्या आया. समोर पडद्यावर कार्टूनचा नवा भाग चालू होता. तेरा वर्षं स्वानंद ही मालिका लिहीत होता. तेरा वर्षं हा भडकासुर नावाचा राक्षस झुळूक परीच्या मागे धावत होता, चिखलात आपटत होता आणि मुलं टाळ्या पिटत होती. आज पहिल्यांदाच तो परीचा पंख मोडून मग एकटा बसून रडत होता, कारण लहानपणी त्याच्यावर कोणी माया केली नव्हती. शेवटी परी मोडका पंख सावरत त्याच्याजवळ जाते आणि त्याला माफ करते. एवढं लिहायला मिळावं म्हणून स्वानंदने चॅनेलच्या ऑफिसात चपला झिजवल्या होत्या.

चॅनेलची रीत ठरलेली होती. काही नवीन करायचं तर आधी एखाद्या सोसायटीतल्या मुलांना दाखवायचं आणि त्यांच्या हातात दोन कार्डं द्यायची. हिरवं म्हणजे आवडलं, लाल म्हणजे नाही. लाल जास्त आली की विषय संपला. चॅनेलच्या स्मिता मॅडमनी कालच बजावलं होतं, मुलांच्या गळी उतरलं नाही तर राक्षस पुन्हा चिखलात, आणि लिहायला दुसरा कोणीतरी. दुसऱ्याची भीती स्वानंदला नव्हती. चिखलाची होती. जन्माला येऊन केलं काय, तर एका राक्षसाला चारशे वेळा पाडलं, असं पन्नाशीला टेकलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने सांगायचं?

भाग संपला. कार्डं वर झाली. सगळीकडे लालच लाल.

"राक्षस कधी रडतो का?" मधूनच कोणीतरी म्हणालं. "बोअर आहे."

स्मिता मॅडम कागद आवरायला लागल्या, तेवढ्यात पहिल्या रांगेतलं एक हिरवं कार्ड त्यांना दिसलं. ते धरून बसली होती तिसरीतली ईश्वरी. केसांच्या दोन वेण्या आणि एका पायातला मोजा घसरलेला.

"तुला का गं आवडलं?" मॅडमनी विचारलं.

"भडकासुर वाईट नाहीये," ईश्वरी म्हणाली. "त्याला टेन्शन असतं. मारून झालं की त्याला पण वाईट वाटतं."

स्वानंद ताठ बसला. जे त्याला तेरा वर्षं मीटिंगांमध्ये घसा फोडून पटवता आलं नव्हतं, ते या पोरीने तीन वाक्यांत सांगून टाकलं. तिला उचलून घ्यावं असं त्याला वाटलं.

"मग परीने माफ केलं ते बरोबर केलं?" मॅडमनी पुढे विचारलं.

"हो. पण एवढं जवळ नव्हतं जायचं. रडताना जवळ गेलं तर कधी कधी परत राग येतो. आधी पाणी द्यायचं. मग लांब बसायचं."

मॅडम भराभर लिहून घेत होत्या. "बघा स्वानंद, किती खोल विचार करतात मुलं. हेच हवं होतं ना तुम्हाला?"

ईश्वरीचं बघून दोघातिघांनी लाल कार्ड खाली ठेवलं आणि हिरवं उचललं. मग आणखी आठ-नऊ जणांनी. एक मेंढरू वळलं की कळप वळायला वेळ लागत नाही.

स्वानंदला मात्र आता आनंद होईना. तो उठून ईश्वरीच्या समोर सतरंजीवर बसला. "बाळा, पंख वाचवायला परीने काय करायला हवं होतं?"

तिला विचार करावा लागला नाही. "आवाज ऐकायचा ना काका. रात्री बाहेरून दाराला चावी पटकन लागली तर ठीक असतं. लागतच नसली, नुसती खडखड करत असली, की आपण पलंगाखाली जायचं."

मागच्या बायका खाली बघायला लागल्या. त्यांच्यातली एक घाईघाईने पुढे आली. ती ईश्वरीची आई, तेजश्री. तिने ओढूनताणून हसू आणलं होतं.

"लय टीव्ही बघती ओ ही. तुमच्याच कार्टुनात बघून बोलती सगळं." असं म्हणून तिने मुलीचा खांदा धरला. बोलली सगळ्यांना, पण बघत होती फक्त स्वानंदकडे.

मॅडमचं पेन थांबलं. "असं दाखवलंय आपण? चावी, पलंग वगैरे? असलं काही मुलांच्या घरात निघालं तर मारणाऱ्याला माफ करायचा हा भाग मला थांबवावा लागेल हं."

नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणून तिथेच सगळं थांबवायला हवं होतं, पोरीची चौकशी करायला हवी होती. हे स्वानंदला लख्ख कळत होतं. त्याने त्या बाईकडे पाहिलं. मग हिरव्या कार्डांकडे पाहिलं. आपण हिची अब्रू झाकतोय, असं त्याने मनाला सांगितलं, आणि आपण किती खोटं बोलतोय हे कळून त्याला स्वतःची किळस आली.

"हो," तो म्हणाला. "जुन्या एका भागात आहे तसं."

"मग हरकत नाही." मॅडमनी कागदावर खूण केली. "भाग पास. अभिनंदन."

तेजश्रीने मुलीला चपला घालायला लावल्या. जाताना ती हळूच "थँक्यू" म्हणाली.

मालिकेचे चारशे बारा भाग झाले होते, आणि त्यातला प्रत्येक भाग स्वानंदने लिहिला होता. भडकासुर गुहेत राहायचा. गुहेला दार नव्हतं.