सुपातला हात

नात मैत्रेयी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला लागली, त्या वर्षीच्या डिसेंबरातली सकाळ. दारव्ह्याजवळच्या खेड्यात उकंडा ओसरीवर वही घेऊन बसला होता. उद्या सत्यभामेचा पहिला स्मृतिदिन. विहारात वंदना झाली की त्यानं बायकोविषयी एक पान वाचायचं, असं ठरलं होतं. मुलगा-सून पुण्याहून परस्पर तिकडेच येणार होते. पान लिहून झालं होतं. ते जमलं की नाही, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं.

शेजारची विजयमाला भाकर घेऊन आली.

"आबा, झालं का लिवून?"

"लिवलं. पन पक्कं नाही."

"आता अजून काय पक्कं कराचं? तुमी तं रोजच लिवता."

रोज लिहीत होता, हे खरं. एकसष्टाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकला, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, रोज एक पान लिहा, सुचलं नाही तरी लिहा. पुढचं सत्यभामेनं शिकवलं. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. लिहिलेलं त्याच दिवशी ती ऐकायची नाही. "ताजं सारंच गोड लागते, उद्या वाचा," म्हणायची. दुसऱ्या दिवशी ती समोर सूप घेऊन डाळ निवडायची आणि तो वाचायचा.

"तिचा हात चालू राह्यला की वाक्य खोडाचं," उकंडा म्हणाला. "हात थांबला की ठेवाचं. सोळा वर्सं असंच लिवलं मी."

"एवढंच ना? द्या मंग सूप."

त्यानं भिंतीवरचं सूप काढलं, धूळ झटकली, डब्यातली तूरडाळ ओतली. वर्षभर तो डाळ न निवडताच शिजवत होता. दाताखाली खडा आला की थुंकायचा.

विजयमाला मांडी घालून बसली. उकंडानं वाचायला सुरुवात केली. पहिल्याच शब्दाला तिचा हात थांबला.

"हात चालव ना बाई."

"तुमी वाचून राह्यले अन् मी दाय निवडू? बरं दिसते का?"

"सत्यभामा तं निवडे."

"त्यायची गोष्ट अलग. बायको होती ते तुमची. तिले तुमचं कायचं भेव?"

तो हसला. चष्मा पुसून पुन्हा वाचू लागला. 'सत्यभामा म्हणजे त्यागाची मूर्ती आणि मायेचा सागर होती.'

विजयमालेनं पदर डोळ्याला लावला. "लय मस्त लिवलं, आबा. उद्या सारे रडतीन पाहा."

सत्यभामा असती तर या वाक्याला तिची बोटं दुप्पट वेगानं चालली असती. एकदा त्यानं तिच्यावरच असं काहीतरी लिहिलं होतं. ते वाचल्यावर तिनं मान वर न करता विचारलं होतं, "हे कोनाच्या बायकोचं लिवलं तुमी?"

रस्त्यावरून कापूस वेचायला निघालेल्या बायांनी हाक मारली. विजयमाला उठली. "थंडी होऊन राह्यली भाकर, खाऊन घ्या," म्हणत गेली. सूप तिथंच राहिलं.

त्यानं त्यागाची मूर्ती खोडली. मायेचा सागर खोडला. खाली संसाराच्या वेलीवर चार ओळी होत्या, त्याही खोडल्या. पानावर तिचं नाव तेवढं उरलं.

मग सूप मांडीवर ओढलं आणि खडे वेचायला लागला. वेचता वेचता एकेक वाक्य मोठ्यानं बोलून पाहू लागला. ती पहाटे उठायची. बोटं चालू. ती कोणाला उलटून बोलायची नाही. हे तर खरंही नव्हतं. बोटं चालूच. भाकरीवर माश्या बसल्या. ओसरीवर त्याच्या आवाजाशिवाय आवाज नव्हता.

एक गोष्ट त्यानं वर्षभर कोणाला सांगितली नव्हती. मुलालाही नाही. ती बोलायला तोंड उघडलं आणि हात सुपातच थांबला.

मग त्यानं सूप खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि नवीन पान काढून लिहिलं :

'मी वाचत होतो. विहिरीचं पाणी खाली गेलं की बादलीचा आवाज उशिरा येतो, असं ते वाक्य होतं. सत्यभामेचा हात थांबला. मला वाटलं, वाक्य जमलं. खूश होऊन मी ते पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं.

ते वाक्य जमलं होतं की नाही, मला माहीत नाही.

सत्यभामा मागच्या वर्षी अकरा डिसेंबरला सकाळी, सूप मांडीवर असताना वारली.'