वाळू मिसळलेला रंग

वहाब उकिडवा बसून तारेच्या ब्रशने स्विमिंग पूलभोवतीचं काँक्रीट घासत होता. कुवेतहून मुआजचा फोन दोनदा वाजून गेला, तरी त्याने उचलला नाही.

शिरढोणजवळच्या त्याच्या या लहानशा फार्महाऊसवर शनिवार-रविवार पाहुणे येतात. काँक्रीटचा रंग दर पावसाळ्यात सुटतो. कंत्राटदाराला बोलवायचं तर हंगामाची कमाई त्याच्याच घशात, म्हणून वहाब स्वतःच बसतो. शेवाळ खरवडायचं, भेगा सिमेंटने बुजवायच्या, चांगलं सुकू द्यायचं, मग फरशीच्या रंगात चाळलेली बारीक वाळू मिसळून दोन पातळ हात मारायचे. शेवटी पाणी ओतून, पाय घसरत नाही ना, ते अनवाणी चालून बघायचं.

ही अक्कल म्हणजे वरातीमागून घोडं. काही वर्षांपूर्वी कुवेतहून सुट्टीवर आला असताना गेटचा उरलेला ऑइलपेंट त्याने इथेच फासला होता. काय ती चकाकी! कुणीतरी पडेल, असं सायराने बजावलं होतं. परतीच्या विमानाच्या आदल्या दुपारी तीच पडली, सफाईसाठी रिकाम्या केलेल्या पूलमध्ये. खुबा मोडला. वहाबने भरलेली बॅग उलगडली आणि बायकोच्या उशाशी बसला, तो पुन्हा गेलाच नाही. कुवेतमध्ये तो क्रेन चालवायचा, माणसं सलाम करायची. इथे पाहुणे त्याच्याकडे टॉवेल मागतात.

आता तिथल्या जुन्या जोडीदाराने, मुआजने, त्याच्यासाठी पुन्हा जागा मिळवली होती. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. या वयात असं बोलावणं परत कुठलं यायला!

सायरा पाय ओढत चहा घेऊन आली. फोन का घेत नाही, म्हणून तिने विचारलं. वहाबने ब्रश खाली ठेवला.

"काय सांगू त्याला? तुला लंगडी केली ती मीच. आता कुठल्या तोंडाने सोडून जाऊ?"

त्याचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं हे ऐकून ती गप्प राहायची. आज तिने कप बाजूला ठेवला आणि त्याच्याशेजारी कशीबशी टेकली.

"मुआजला हो म्हणून सांगा," ती म्हणाली. "मी घसरले नव्हते, राहिलचे अब्बा. तुम्हाला जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मीच उडी मारली होती."