आजीची वळणं

“आज या घरात इतिहास घडणार आहे!” आजोबांनी जाहीर केलं. मग चष्मा पुसत दुरुस्ती केली, “म्हणजे, भूगोल.”

“घडू दे,” स्वयंपाकघरातून सून म्हणाली. “फक्त खाली जुनं वर्तमानपत्र घाला, बाबा. मागच्या रविवारी टेबलावर विज्ञान घडलं होतं, त्याचा डाग अजून निघालेला नाही.”

वर्तमानपत्र आलं. त्यावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेला भला मोठा नकाशा. चिकटवताना एक तळं सुरकुतीत गेलं. सहा वर्षांच्या नातवाने ते अंगठ्याने दाबून कायमचं बुजवलं. आवाजामुळे त्याला घरात भोंगा म्हणत. त्याची दहा वर्षांची बहीण टिकली ही या कामाची मुकादम होती.

घरातलं कोण कुठे कुठे जाऊन आलं, ते सगळं या नकाशावर यायचं होतं. प्रत्येकाला एका रंगाच्या टाचण्या, आणि घरापासून प्रत्येक टाचणीपर्यंत लोकरीचा धागा. आजोबांनी लाल रंग घेतला, आईबाबांना निळा मिळाला, मुलांनी हिरवा पळवला. पिवळा उरला, तो आजीचा.

बक्षीसही होतं. आजीच्या थोरल्या बहिणीचा ऐंशीवा वाढदिवस होता. उद्या सकाळी सगळे गाडीने डोंगरापलीकडे तिच्याकडे निघणार होते. ज्याच्या टाचण्या जास्त, त्याला पुढची सीट.

आजोबा नुसते हसले. ते रस्ते बांधणारे इंजिनिअर, आता निवृत्त. पुढच्या सीटवर आजवर दुसरं कोणी बसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

“मी पण खेळणार,” आजी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. गेली बारा वर्षं गाडी काढली, की आजीचं एकच असायचं, “तुम्ही या जाऊन. घर कोण बघणार?”

“आजी, नियम ऐक,” टिकली म्हणाली. “नुसतं गेले होते म्हणून चालणार नाही. तिथली एक खूण सांगायची. थाप मारली की टाचणी बाद.”

आजोबांनी सुरुवातच समुद्रापलीकडून केली. “इथे आमची परिषद होती.”

“खूण?”

“स्वागत फार छान झालं.”

“बाद,” टिकली म्हणाली.

“अगं, हार घातला होता मला!”

“बाद!” भोंगा ओरडला. शेजारचं कुत्रं भुंकलं.

अशी रडतखडत आजोबांची गाडी एकोणीस टाचण्यांवर थांबली. आईबाबांच्या अकरा झाल्या. मुलांच्या सात, त्यातली एक दवाखान्याची.

मग आजी पुढे सरकली. समुद्राकडे तिने पाहिलंही नाही. डोंगरातल्या जुन्या घाटावर बोट ठेवलं. “इथे, चौथ्या वळणावर. मैलाच्या दगडाचा कोपरा फुटलेला. त्याच्या बुडाशी काळ्या मुंग्यांची रांग.”

आजोबा चमकले. “खरं आहे. तो कोपरा आमच्या रोलरनेच उडवला होता.”

“इथे छोटा पूल. कठड्याला सात भोकं, पाचवं बुजलेलं.”

टिकलीने टाचणी टोचली.

“इथे गटाराच्या कडेला निळी फुलं. नखाएवढी. इथे कुणाची तरी एक चप्पल पडलेली, डाव्या पायाची. इथे डांबराला पडलेली भेग, वर जाऊन दोन फाटे.”

टाचण्या वाढत गेल्या. सून हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आली. भोंगा चक्क कुजबुजत बोलला, “आजी, आणि डोंगर कसा होता?”

“डोंगर?” आजी जरा विचारात पडली. “असेल की.”

आजोबांनी चष्मा काढला. पिवळ्या टाचण्या त्यांनीच बांधलेल्या त्या घाटावरून चालल्या होत्या. एकूणएक.

“लग्नाआधी मी हिला एकच प्रश्न विचारला होता,” ते मुलांना म्हणाले. “प्रवास आवडतो ना? ही हो म्हणाली. आणि काय आवड! जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी मी, मागे ही. वळण आलं की म्हणायची, ‘थांबवा हो जरा, काय सुंदर जागा आहे!’ उतरून एकटीच मागे जायची. मी कधी वळून पाहिलं नाही. अशा वेळी माणसाला एकटं सोडावं. परत यायची तेव्हा डोळ्यांत पाणी. मग तासभर तोंडून शब्द नाही.”

सुनेने पळी टेबलावर ठेवली.

“चाळीस वर्षं रस्ते बांधले मी,” आजोबा नकाशावर वाकून म्हणाले. “उद्घाटनाला साहेब लोक यायचे, फीत कापून जेवायला पळायचे. रस्ता असा पाहिला तो हिने एकटीने. माझ्या वळणावरची मुंगीसुद्धा सोडली नाही.”

“एक्केचाळीस!” टिकलीने मोजून सांगितलं. “आजी जिंकली! पुढची सीट आजीची!”

“छे!” आजोबा ताडकन उठले. “पुढची सीट देऊन हिची बोळवण करता? हिला मागेच बसवायचं, मोठ्या खिडकीशी. उद्या नवा बोगदा नको. जुन्या घाटाने जायचं. एक्केचाळीस ठिकाणी गाडी थांबेल, ही उतरेल, आणि या वेळी आपण सगळे हिच्या मागे हात जोडून उभे राहू. ही काय बघते ते एकदा आपणही बघू.”

सुनेने डोळे पुसले. भोंग्याने टाळ्या वाजवल्या. आजोबांचे हात तर आत्ताच जोडलेले होते.

आजीने नकाशावरच्या पिवळ्या टाचण्यांवरून एकदा बोट फिरवलं.

“अहो, एक्केचाळीस वेळा ओकलेय मी त्या घाटात,” ती म्हणाली. “उद्या तेवढं पुढे बसू द्या.”