विरजणाचं वाण

पूजा आटोपून मंगलाताई उठल्या, तोच एका औषध कंपनीचा वकील दारात. सोबत कोर्टाचा माणूस.

"तुमच्या महिला मंडळानं बनवलेलं हे रक्तातली साखर उतरवणारं विरजण आमच्या पेटंटात येतं. मूळ भांडं सील होणार."

त्या दह्यामुळेच तर ताईंच्या यजमानांचं इन्सुलिन सुटलं होतं!

"कृती आम्ही तुमच्या आधीच सगळ्यांसाठी जाहीर केलीय. तारखेला मंडळ तेच सांगेल," ताई शांतपणे म्हणाल्या. "करा सील."

भांड्याला लाख लागली. ताईंनी रिकामी वाटी घेतली आणि शेजारच्या दारात जाऊन हाक मारली, "वासंती, चमचाभर विरजण दे गं."

"तुमचंच आहे की, संक्रांतीला वाण म्हणून दिलेलं!" आतून वासंती हसली. "गावभर घरोघरी लागतंय आता."

वकिलानं गल्लीतल्या दारांकडे पाहिलं. सगळी उघडीच होती.